दर्याचे कंट्रोलर

वसंतराव टिपणीसांना समुद्रातलं काहीही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण आता त्यांच्याविषयी लोक भलतंच काही बोलतात. परवा एका परिसंवादात एका विद्वानांनी त्यांचा उल्लेख 'किनाऱ्यावरचं पारंपरिक शहाणपण' असा केला, तेव्हा मला हसू आवरेना. टिपणीससाहेबांचं पारंपरिक शहाणपण म्हणजे पनवेलच्या बसस्टँडवर कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागते, एवढंच. उभी हयात त्यांनी तिथे कंट्रोलर म्हणून माईकसमोर काढली होती. पापलेट आणि सुरमई यांतला फरक त्यांना कळायचा, पण मासे ताटात आल्यावर, आणि तोही बायकोने सांगितला तर.

आमचं ऑफिस पनवेलला होतं. समुद्राचं काम आणि पनवेलला ऑफिस, हे ऐकूनच लोक माझ्याकडे संशयाने बघत. पनवेलहून समुद्र दिसत नाही. खाडी दिसते, तीही पुलावरून जाताना, आणि ओहोटी असली तर नाकाला रुमाल लावून. पण मुंबईत जागा परवडत नव्हती आणि उरणला जाऊन बसायला कोणी साहेब तयार नव्हता, म्हणून मधलं गाव निघालं. 'सागर प्लाझा' नावाच्या इमारतीचा दुसरा मजला, खाली टाइल्सचं दुकान. मालक भोईरशेट. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. एकदा त्यांनी आमचं काम काय ते विचारलं. मी नकाशा उघडून सांगितलं की समुद्राचा एक तुकडा आम्ही बंद ठेवतो आणि तो तुकडा रोज सरकतो. भोईरशेटांनी नकाशावरून बोट फिरवलं. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "म्याडम, उद्या कुटं सरकनार हाय तेवडं सांगा. बाजूचं आत्ताच घेऊन ठेवतो."

काम मात्र खरंच तेवढंच होतं. खाडीच्या तोंडाशी पापलेटची पिल्लं वाढतात. ती एका जागी बसत नाहीत. पाणी तापलं, गढूळ झालं, भरती फिरली की सरकतात. त्यांच्याबरोबर बंदीही सरकवायची; आज इथे जाळं टाकू नका, उद्या तिथे टाकू नका, बाकीचा समुद्र तुमचा. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंग कळे, त्यावरून मी रोज पहाटे नकाशा करायची. हे एका मोसमात चालवून दाखवायचं होतं. नाही चाललं, तर मत्स्य खात्याने दुसरा उपाय टाइप करून तयारच ठेवला होता: खाडीचं अख्खं तोंड दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सरसकट बंद, तिथे पिल्लं असोत की नसोत.

उरणच्या अलीकडच्या एका बंदरावरच्या लहान बोटी त्या तोंडावरच जगतात. लांबच्या पाण्यात जायची त्यांची ताकद नाही. तिथल्या बोटवाल्यांचे पुढारी धर्माशेट पहिल्याच बैठकीत म्हणाले, "तोंडच बंद केलं तं आमी काय कलंबोलीच्या लोखंडबाजारात जालं टाकायची?" म्हणजे सगळी भिस्त आमच्या सरकत्या तुकड्यावर होती, आणि तो तुकडा चालवण्यात आम्ही सुरुवातीला सपशेल आपटलो.

आमचं मोबाइलवर एक ॲप होतं. ते उघडायला पासवर्ड लागे आणि पासवर्डात एक मोठं इंग्रजी अक्षर व एक चिन्ह असणं सक्तीचं होतं. बोटीवर, ओल्या हाताने. मी केलेला नकाशा मंजुरीसाठी मुंबईला जायचा. तिथले विधी सल्लागार बंद भागाच्या चतुःसीमा आणि सर्व्हे नंबर मागायचे. साहेबांची सही होऊन हुकूम बंदरावरच्या फळ्यावर लागेपर्यंत पिल्लं कधीच भलतीकडे गेलेली असत. त्यामुळे रिकामं पाणी बंद आणि पिल्लांचं पाणी खुलं, असा कारभार चालला होता. आमच्या हुकुमाचा मान राखणाऱ्या बोटी नेमक्या पिल्लांवर जाऊन पडत.

मग कोणीतरी सुचवलं की सूचना देण्यासाठी एक माणूस नेमा. मुलाखतीला टिपणीससाहेब आले ते पांढऱ्या फुलशर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून, तोंडात लवंग धरून. लवंग गळ्यासाठी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गळा त्यांनी कामावर असल्यासारखाच सांभाळला होता.

आमच्या साहेबांनी विचारलं, "समुद्राचा काही अनुभव?"

"नाही."

"बोटीत बसलाय कधी?"

"प्रसंग आला नाही."

"मग या कामाला कसे काय आलात?"

टिपणीससाहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "फलाट ऐन वेळी बदलला, तर तो लोकांना कसा सांगायचा, हे मला येतं," ते म्हणाले. साहेबांनी त्यांना नेमलं, कारण प्रवासभत्ता न मागणारे तेच एकटे उमेदवार होते.

पहिल्या दिवशी त्यांनी आमचे जुने हुकूम चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "हे फार बोलतात." मग स्वतः एक मसुदा केला. त्यात एकच वाक्य होतं: नियंत्रक जाहीर करतील तो भाग, तेच तो खुला जाहीर करेपर्यंत, बंद समजावा. विधी सल्लागार तेव्हा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. साहेबांच्या हातून एखादा कागद शेवटपर्यंत वाचून होण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या आनंदात त्यांनी सही करून टाकली. आमच्या योजनेतली सगळ्यात मोठी सुधारणा ही अशी झाली, आणि पुढे दोन परदेशी पाहुणे तिच्यामागचा विचार समजून घ्यायला आले तेव्हा मला फार अवघड गेलं.

माझ्या नकाशावर चौकोन होते, त्यांना अक्षांश-रेखांशांची लांबलचक नावं होती. टिपणीससाहेबांनी ती खोडली आणि चौकोनांना फलाट क्रमांक दिले. नकाशाला ते 'तुमची रांगोळी' म्हणत. रांगोळी ठरलेल्या वेळेला त्यांच्या टेबलावर आली नाही तर घड्याळाकडे बघून घसा खाकरत. 'अंदाजे' या शब्दाचा त्यांना तिटकारा होता. मी म्हणायची, "पिल्लं अंदाजे पाचमध्ये आहेत," की ते पेन खाली ठेवत. "मॅडम, अंदाजे म्हटलं की माणूस पिशवी उचलत नाही. आहेत म्हणा, नाहीतर माहीत नाही म्हणा. दोन्ही चालतं."

त्यांची पहिली सूचना बोटींच्या वायरलेसवर आणि बंदराच्या कर्ण्यावर एकदमच गेली. "कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक पाच व सहा येथे पिल्ले लागलेली आहेत. तरी सर्व बोटींनी सदर फलाटांवर जाळी टाकू नयेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल नियंत्रण कक्ष दिलगीर आहे." बंदरावरच्या बायका पाट्या खाली ठेवून हसत सुटल्या. कोणीतरी वायरलेसवर विचारलं, "कंट्रोलर, अलिबागची गाडी कदी हाय?" टिपणीससाहेबांनी शांतपणे खरी वेळ सांगितली. ती त्यांना अजून पाठ होती. त्या दिवसापासून सगळं बंदर त्यांना कंट्रोलर म्हणू लागलं.

पण लोक ऐकायला लागले ते वेगळ्याच कारणाने. दुपारी भरती फिरली, पिल्लं हलली आणि पाच मोकळा झाला, हे उपग्रहाच्या दुपारच्या चित्रात दिसलं. मी ते उद्याच्या नकाशात दाखवणार होते. टिपणीससाहेब माझ्यावर असे चिडले की त्यांच्या तोंडातली लवंग बाहेर आली. "फलाट मोकळा झाला आणि तुम्ही लोकांना उभं ठेवलंत? बंद म्हणायला कोणालाही येतं, मॅडम. मोकळं म्हणायला माणूस लागतो." त्यांनी तिथल्या तिथे पाच खुला केला. बोटवाल्यांनी आयुष्यात सरकारकडून 'बंद' हा शब्द पुष्कळ वेळा ऐकला होता. 'खुलं' हा शब्द, आणि तोही त्याच दिवशी, त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. ढग आले आणि उपग्रहाला काही दिसेना, तर ते तेही सांगायचे. "आकाश ढगाळ असल्यामुळे नियंत्रण कक्षाला काहीही दिसत नाही. सूचना उशिराने होईल." मुख्य ऑफिसला वाटलं, यामुळे खात्याची अब्रू जाईल. बंदरावर मात्र ही सूचना फार लोकप्रिय झाली.

आमची दुसरी अडचण होती खोटेपणाची. जाळ्यात पिल्लं आली तर बोटवाल्यांनी लगेच कळवावं, अशी योजना होती. पण कोळी माणूस आपल्याला काय मिळालं आणि कुठे मिळालं, हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. रोज सगळ्या बोटींकडून एकच उत्तर यायचं: "काय नाय मिलालं." धर्माशेटांच्या बोटीचा जीपीएसचा ठिपका माझ्या स्क्रीनवर उत्तरेला आणि ते स्वतः वायरलेसवर दक्षिणेला, असंही व्हायचं. मी हात टेकले होते.

टिपणीससाहेबांना यात काहीच नवीन नव्हतं. "ड्रायव्हरला कधी विचारू नये, बाबा, तू कुठे आहेस. तो आलोच म्हणतो. त्याला विचारावं, पुढची गाडी तुला कुठे दिसली." मग त्यांनी वायरलेस उचलला. "धर्माशेट, आपल्याविषयी काही विचारायचं नाही. आपल्या पुढे जी बोट आहे, तिच्या जाळ्यात काय दिसतं?"

"तो व्हय?" धर्माशेट उसळले. "नुस्ती पिल्लं भरल्यात त्याच्या जाल्यात. लाज नाय त्याला."

पुढच्या बोटीने हे ऐकलंच. तिने धर्माशेटांच्या जाळ्यातलं सगळं सांगून टाकलं, वर गेल्या आठवड्याचंही सांगितलं. दुपारपर्यंत माझ्याकडे उपग्रहापेक्षा चांगली माहिती जमली होती. पुढे ही रोजची पद्धतच पडली. स्वतःविषयी कोणी चकार शब्द काढत नसे आणि दुसऱ्याविषयी कोणी काही हातचं राखत नसे. अहवालात मी याला 'परस्पर निरीक्षण' असं नाव दिलं.

आता त्यांची चूक सांगते, कारण ती त्यांच्याशिवाय कोणी केलीच नसती. बसस्टँडवरचा त्यांचा एक दंडक होता: गाडी रद्द झाल्याचं सांगताना पर्यायी गाडी सांगितल्याखेरीज माईक सोडायचा नाही. त्यामुळे एखादा भाग बंद केला की ते पाठोपाठ सांगत, "प्रवाशांनी फलाट क्रमांक आठचा लाभ घ्यावा." आठच का, तर स्क्रीनवर तो रिकामा दिसे. मी त्यांना सांगितलं की तो रिकामा आहे कारण तिथे मासे नाहीत. ते म्हणाले, "गर्दी नाही, हे काय कमी आहे?" बोटवाले या पर्यायाकडे कानाडोळा करत, म्हणून भागून जात होतं.

पण दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ढगांमुळे सूचना फार उशिरा झाली, भरती निघून चालली होती, आणि घाईत सगळ्यांनी एकदम कंट्रोलरचं ऐकायचं ठरवलं. सगळ्या बोटी आठमध्ये. ओहोटीची ओढ जबरदस्त होती. एकाचं जाळं दुसऱ्यात गेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यात, आणि संध्याकाळी बंदरावर आला तो जाळ्यांचा एक प्रचंड गुंता. त्यात मासळी नव्हतीच. एक प्लास्टिकची खुर्ची मात्र निघाली, बऱ्या अवस्थेतली.

त्याच संध्याकाळी बंदरावर सभा बसली. यापुढे कंट्रोलरचं ऐकायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. म्हणजे योजना संपली आणि तोंडाला टाळं लागलं, हे त्यांनाही कळत होतं, पण त्या क्षणी कोणाला त्याची पर्वा नव्हती. मी ढगांची टक्केवारी वगैरे दाखवायला लॅपटॉप घेऊन गेले होते. टिपणीससाहेब म्हणाले, "ते मिटवा." मग गर्दीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "सूचना माझी होती. चूक माझी होती. आता बोला."

आणि लोक बोलले. असं बोलले की मी तिथलं काहीच इथे लिहू शकत नाही. बायका सगळ्यात पुढे होत्या. टिपणीससाहेब प्रत्येकाकडे तोंड करून ऐकत होते. एक जण दुसऱ्यांदा शिव्या द्यायला उठला, तेव्हा त्यांनी त्याला हात करून थांबवलं. "आपलं झालं आहे. मागे त्या ताई मघापासून थांबल्यात, त्यांना येऊ द्या." तो माणूस चक्क बाजूला झाला. रांग लागली. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणी राहिलं आहे का?" कोणी राहिलं नव्हतं. "उद्याची सूचना नेहमीच्या वेळेला होईल. पर्यायी फलाट यापुढे सांगितला जाणार नाही." एवढं बोलून ते रिक्षात बसले. रिक्षात त्यांनी लवंगेची डबी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बोटींनी त्यांचं ऐकलं. मला याचा अर्थच लागेना. धर्माशेटांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाय, सरकारला आमी आजवर लय शिव्या घातल्या. पन सरकार समोर उबं हाय आनि ऐकून घेतंय, ह्ये पैल्यांदाच बगितलं."

बार्जवाल्यांचं प्रकरण त्यानंतरचं. खाडीत गाळ काढण्याचं काम एका कंपनीकडे होतं. काढलेला गाळ त्यांची बार्ज बाहेर नेऊन ओतायची. बंद भागात गाळ ओतू नका, अशी ई-मेल आम्ही त्यांना रोज पाठवत असू आणि 'नोंद घेतली आहे' असं उत्तर रोज येई. एके दिवशी पाच बंद होता, बोटी इमानाने बाहेर थांबल्या होत्या, आणि बार्ज थेट पाचच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. धर्माशेट वायरलेसवर आले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "कंट्रोलर, तुमची रेघ फकस्त आमालाच दिसते का?"

टिपणीससाहेबांनी लवंग थुंकली. "लक्ष द्या. फलाट पाचवर नियमबाह्य उभ्या असलेल्या निळ्या बार्जच्या चालकांनी ताबडतोब नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा. आपल्यामुळे इतरांची गैरसोय होत आहे." उत्तर नाही. पुन्हा सूचना. जवळच्या बोटींकडून त्यांना जास्तीची माहिती मिळत होती, ती ते भरत गेले. "पिवळे बनियान घालून चहा पीत असलेल्या चालकांनी..." हे सगळं बंदराच्या कर्ण्यावरून, मासळीबाजारात, अर्ध्या गावात ऐकू जात होतं. बार्जच्या कप्तानाची सासुरवाडी नेमकी उरणची. त्याला मेव्हण्याचा फोन गेला, "दाजी, ते पिवलं बनियान तुमचंच का?" बार्ज हलली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरने स्वतः फोन करून सूचना थेट बार्जवर ऐकू येण्याची सोय मागितली. फक्त कपड्यांचा उल्लेख टाळावा, अशी विनंती केली.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस तपासणी समिती मुंबईत स्क्रीनसमोर बसणार होती. बोटींचे ठिपके बंद भागात शिरतात की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. शिरले, तर पुढच्या वर्षीपासून सरसकट टाळं. आणि नेमकी त्याच आठवड्यात टिपणीससाहेबांची सहा महिन्यांची नेमणूक संपली. मुदतवाढीची फाइल साहेबांच्या टेबलावर होती, आणि साहेब 'निर्णयातील चपळता' या विषयाच्या प्रशिक्षणाला गेले होते. फोन बंद ठेवणं हा त्या प्रशिक्षणाचाच भाग होता.

टिपणीससाहेबांनी माईकची वायर गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. "फाइल येईलच की, तोवर बोला ना," मी म्हटलं.

"कोणत्या अधिकाराने?" त्यांचा चेहरा उतरला होता. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नसल्याचं त्यांच्या पत्नीने आतून सांगितलं. "मॅडम, एकदा मी चहाला गेलो असताना एका वात्रट माणसाने माझा माईक घेऊन गाडी फलाट चारला लावली. लोक चारला धावले. गाडी नव्हतीच. त्यानंतर कितीतरी दिवस मी काही सांगितलं, की लोक आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. माईक ज्याच्या त्याच्या हाती गेला, की तो नुसता आवाज." मी खूप विनवलं. ते नाही म्हणाले ते नाहीच.

मग सूचना मी दिली. बंदरावरून धर्माशेट म्हणाले, "बाय, तुमचं बरोबरच असंल. पन चुकलं तं शिव्या कोनाला घालाच्या? तुमाला घालवत नाय." तरण्या पोरांनी इंजिनं सुरू केली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कंट्रोलर जाहीर करील तो भाग बंद, आता कंट्रोलरच नाही, तर बंदीही नाही. हुकुमाचा शब्द पाहिला तर त्यांचंच खरं होतं. धर्माशेटांनी एक दिवस कसाबसा सगळ्यांना थोपवून धरलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं समिती बसायच्या दिवशी, कोणी थांबणार नव्हतं.

त्या पहाटे मला टिपणीससाहेबांचा फोन आला. "बंद भाग आज कुठे आहे, हे मला एक नागरिक म्हणून कळू शकेल का?"

"पाच आणि सहा. उत्तरेची बाजू."

"आभारी आहे."

मी लॅपटॉप घेऊन बंदरावर पोचले, तर ते आधीच बसने आलेले. धक्क्याच्या अगदी टोकाला, छत्री उघडून, दक्षिणेच्या मोकळ्या पाण्याकडे तोंड करून उभे. धर्माशेटांनी विचारलं, "कंट्रोलर, कुटं जावं?" उत्तर नाही. "पाच बंद हाय का?" उत्तर नाही. धर्माशेट त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग ते बघत होते तिकडे पाहिलं. आणि झटकन जाऊन वायरलेस उचलला. "ऐका रे. कंट्रोलर बंदरावर उबा हाय. तोंड दक्षिनेला हाय."

बोटी दक्षिणेला गेल्या.

दिवसभर हे चाललं. मी बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून बसले होते. भरती फिरली की मी त्यांच्याजवळ जाऊन स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायची, "आता सहा आणि सात." ते काही न बोलता लहान लहान पावलं टाकत वळायचे आणि धर्माशेट वायरलेसवर कळवायचे, "कंट्रोलर वलला. खारफुटीकडं बगतो." एकदा त्यांना शिंक आली आणि ते अर्धे वळले, तर दोन बोटीही वळल्या. बायकांनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, खुर्ची आणून ठेवली. खुर्चीवर ते बसले नाहीत. दुपारी त्यांचे पाय सुजलेले दिसत होते, आणि मला एकाच वेळी हसायला आणि रडायला येत होतं.

समितीला त्या दिवशी बंद भागात एकही ठिपका दिसला नाही. टाळं लागलं नाही, आजही नाही. अहवालात ॲपचं कौतुक झालं. टिपणीससाहेब पुढच्याच आठवड्यात मुलीकडे नागपूरला राहायला गेले आणि मागच्या वर्षी तिकडेच वारले. त्यांच्या जागेवर आता धर्माशेटांची सून सूचना देते, आणि लोक तिला मनसोक्त शिव्या घालतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी. पिल्लं पांगली होती. मी त्यांच्यामागे जाऊन म्हटलं, "सगळे फलाट मोकळे." त्यांनी छत्री मिटली, शर्ट नीट खोचला आणि कोणाकडेही न बघता धक्क्यावरून थांब्याकडे चालायला लागले. जाळी घेऊन बसलेली माणसं उठून उभी राहिली. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत धर्माशेट बघत राहिले आणि मग त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला.

"कंट्रोलर घरी गेला," ते म्हणाले. "दर्या खुला."